दहावीचा शेवटचा धडा

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या विषयाचे जे पाठ्यपुस्तक 2018 साली आले, त्याच्या दुसऱ्या भागात आपत्ती व्यवस्थापनाचे प्रकरण दहावे, म्हणजे अगदी शेवटचे आहे. परीक्षेच्या घाईत शेवटच्या धड्याचे काय होते, हे शिक्षकांना सांगावयास नको. व्याख्या पाठ होतात, गुण मिळतात. आपले घर कशाचे बांधले आहे, हा प्रश्न विद्यार्थ्याला कोणी विचारीत नाही.

सोलापूरच्या मुलांना तो विचारलाच पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपल्या शेजारच्या लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. तीव्रता सुमारे 6.2. जपानमध्ये एवढे धक्के पुष्कळदा अल्प हानीवर निभावतात. येथे हजारो माणसे झोपेतच गाडली गेली, ती दगडमातीच्या जाड भिंती व माळवदांखाली. गळती थांबावी, ऊन लागू नये म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे माती चढत गेली होती. भिंतीचे आतले व बाहेरचे थर सांधणारे लांब दगड बहुधा नसत. धक्क्यासरशी थर सुटले आणि वरचे ओझे खाली आले.

गरिबी मारते, हे आपले आवडते सूत्र आणि बहुतांशी खरेही. किल्लारी परिसरात मात्र वाडे कोसळले आणि कित्येक हलक्या झोपड्या तगल्या. (सूत्रे पाठ करण्याची खोड केवळ शाळकरी मुलांनाच असते असे नव्हे.) वजन, जडत्व, बांधणी यांचे शास्त्र ज्याला उमगले नाही, त्याला त्या विध्वंसाचे अर्थशास्त्रही पुरते उमगणार नाही.

पुराचे तेच. एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या या जिल्ह्यात सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुराने काठची गावे वेढली. अशा वेळी विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये जाहीर होतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. एक लाख क्युसेक म्हणजे सुमारे 28 लाख लिटर. धरणातले हे पाणी आपल्या वेशीपर्यंत किती तासांत येईल आणि कोणत्या पायरीपर्यंत चढेल, हे गणित कचेरीत होते. ज्यांच्या घरात पाणी शिरते त्यांच्या वस्तीत होत नाही. ते करता येणारी मुलेच उद्या सूचना उशिरा का आली, याचा जाब विचारू शकतील.

गावच्या शाळांशी संबंध असलेल्या कार्यकर्त्यांनी हा धडा जूनमध्येच शिकविण्याचा आग्रह धरावा. पाऊस मोजण्यास सरळ भिंतींचा डबा आणि पट्टी एवढे साहित्य पुरते. जुन्या पुराच्या खुणा गावातल्या वृद्धांना विचारून मिळतात.