देवघरातला चारमिनारचा रुपया खरंच लाखांचा असतो का?

परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड. या भागातल्या बऱ्याच जुन्या घरांत देवघरात किंवा आजीच्या पेटीत एक रुपया असतो. एका बाजूला चारमिनार, भोवती फारसी अक्षरं. लक्ष्मीपूजनाला तो डबीतून बाहेर येतो, चिंच लावून घासला जातो, हळदीकुंकू लागतं आणि पुन्हा डबीत जातो.

आता या सगळ्यात मोबाईल आलाय. ‘हे नाणं तुमच्याकडे आहे? मिळवा १० लाख!’ अशी रील दिसते. घरातलं कुणीतरी रुपया काढतं, त्यावरचे अरबी आकडे शोधून शोधून वाचतं. ते निघतात १३३०. झालं, नाणं सातशे वर्षं जुनं ठरतं आणि फोटो व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतो.

इथेच फसवणुकीची सुरुवात होते. म्हणून आधी हे नाणं काय आहे ते बघू, मग त्याची किंमत कशी ठरते ते.

१३३० म्हणजे नेमकं कधीचं?

ते हिजरी साल आहे. इसवी सनात ते येतं १९११-१२. म्हणजे नाणं सातशे नाही, सव्वाशेच्या आत वर्षांचं आहे.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि निजामाचं चलन वेगळं होतं. त्याला म्हणत ‘हाली सिक्का’. हाली म्हणजे सध्याचा, चालू. आपला ‘हल्ली’ हा शब्द त्याचाच भाऊबंद. इंग्रजांच्या रुपयाला इकडे ‘कलदार’ म्हणत आणि साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा हिशोब होता. विलीनीकरणानंतरही हाली काही वर्षं भारतीय रुपयाच्या जोडीने चालला आणि १९५९ मध्ये बंद झाला.

चारमिनारच्या दारात एक अक्षर असतं, ते नीट बघा. ‘मीम’ असेल तर नाणं सहावे निजाम महबूब अली खान यांचं, ‘ऐन’ असेल तर सातवे निजाम उस्मान अली खान यांचं.

मग किंमत किती?

सगळ्यात खालची किंमत चांदीची. त्या काळच्या हाली रुपयाचं वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि त्यात ८१.८ टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी साधारण ९.१४ ग्रॅम. २०२५ मध्ये चांदी किलोला दीड लाखाच्या वर गेली. दीड लाखाने हिशोब केला तर एका रुपयात साधारण १,३७० रुपयांची चांदी होते. यापेक्षा जास्त पैसे मिळायचे तर ते संग्राहकाकडून मिळतात, आणि संग्राहक तीन गोष्टी बघतो: ते साल आणि तो प्रकार किती दुर्मीळ आहे, मागणी किती आहे आणि नाण्याची अवस्था कशी आहे.

वय या यादीत नाही, कारण जुनं असणं आणि दुर्मीळ असणं वेगळं. हाली रुपये मोठ्या संख्येने पाडले गेले आणि लोकांनी चांदी म्हणून ते जपूनही ठेवले. त्यामुळे सर्वसाधारण सालाचा, झिजलेला हाली रुपया सहज मिळतो.

अवस्था कशी ओळखायची?

नाणं झिजतं ते आधी त्याच्या सगळ्यात उंच भागांवर. चारमिनारच्या रुपयात मिनारांची टोकं, कमानींच्या बारीक रेषा आणि दारातलं अक्षर बघा. रेषा सुट्या दिसतात का? अक्षराच्या कडा धारदार आहेत का? की सगळं मिळून एक गुळगुळीत उंचवटा झालाय?

यावरून संग्राहक दर्जा ठरवतात: गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रिमली फाइन आणि चलनात न फिरलेलं ते अनसर्क्युलेटेड. यातली नावं फसवी आहेत. ‘गुड’ म्हणजे पार झिजलेलं, फक्त ओळखू येतं इतकंच. ‘फाइन’सुद्धा बऱ्यापैकी झिजलेलं असतं. कुणी ‘नाणं फाइन आहे’ म्हणालं म्हणून हुरळून जाऊ नका.

जगभर १ ते ७० गुणांची शेल्डन पट्टीही वापरतात. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये अमेरिकी सेंट नाण्यांसाठी मांडली. आज अमेरिकेतल्या पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या त्यावर गुण देऊन नाणं सीलबंद करतात. पण आपल्याकडे एक अडचण आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. आपला १३३० चा रुपया त्यात येतो. तो तपासणीसाठी परदेशी धाडायचा नाही.

चिंच लावून घासलं तर बिघडतं का?

हो, आणि कायमचं. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला काळपट थर म्हणजे मळ नसतो. तो थर नाणं मूळ स्थितीत असल्याची खूण असते. चिंच, राख किंवा भांड्यांच्या पावडरीने घासलं की पृष्ठभागावर बारीक चरे पडतात आणि भिंगाखाली ते लगेच दिसतात. गळ्यातल्या माळेसाठी कडी डाक लावून जोडलेल्या नाण्यांचंही तसंच. मराठवाड्यात, खासकरून बंजारा दागिन्यांत, अशी नाणी खूप दिसतात. दागिना म्हणून त्यांचं मोल मोठं आहे, पण संग्राहक त्या नाण्याला कमी भाव देतो.

पूजेतला रुपया पूजेतच राहू द्या, त्यात काही गैर नाही. पण ठेवणीतलं दुसरं नाणं असेल तर ते धुऊ नका, कडेने धरा आणि मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्याने नाण्यावर हिरवट चिकटपणा येतो. तांब्याच्या नाण्यावरचा कडक, गुळगुळीत हिरवा थर चालतो. भुकटीसारखा फिकट हिरवा थर पसरत असेल, तर जाणकाराला दाखवा.

पण झिजलेलं नाणं म्हणजे बिनकामाचं?

अजिबात नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभीला चांदीच्या १३ हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप राजा नहपानाची होती, पण ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. नुसत्या दर्जाच्या हिशोबात हे चेहऱ्यावर ठोकलेलं, बिघडलेलं नाणं. पण गौतमीपुत्राने नहपानाची सत्ता मोडून काढली, याचा ठोस पुरावा त्या ठोक्यातच मिळाला. तो साठा वितळवला गेला असता तर चांदी उरली असती, पुरावा गेला असता.

हीच गोदावरी पुढे पैठणवरून परभणी जिल्ह्यात येते. पैठण, भोकरदन, तेर इथल्या उत्खननांत सातवाहनांची नाणी मिळाली आहेत. म्हणून या पट्ट्यात शेतात काही सापडलं तर ते कुठे, किती खोल, कशासोबत मिळालं ही माहिती नाण्याइतकीच मोलाची असते.

कायदाही इथे स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला ठेवा १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कळवलं, कुणी मालक पुढे आला नाही आणि सरकारने ठेवा स्वतःकडे घेतला नाही, तर कायद्याने तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा असतो.

रीलवाले काय करतात?

ते नाणं विकत घेत नाहीत, तुमच्याकडून पैसे घेतात. फोटो पाठवला की ‘खरेदीदार’ फोन करतो, लाखांचा आकडा सांगतो. मग नोंदणी फी, जीएसटी, कुरिअर, ‘आरबीआयचं सर्टिफिकेट’ असं एकेक मागतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय: जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आमचा संबंध नाही, त्यासाठी आम्ही कुठलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि कुणाला घ्यायचा अधिकारही दिलेला नाही.

साधा नियम लक्षात ठेवा. खरा खरेदीदार आधी नाणं हातात घेतो, तोलतो, भिंगाने बघतो आणि मग पैसे देतो. जो नाणं न बघताच तुमच्याकडे पैसे मागतो, त्याचा नंबर ब्लॉक करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी ते परत मिळण्याची शक्यता कमी.

आणि सराफाकडे मोडीत देण्याआधी त्या रुपयाचं साल आणि दारातलं अक्षर एकदा एखाद्या जुन्या संग्राहकाला दाखवा. लाख मिळणार नाहीत कदाचित, पण तो रुपया घरात कुठून आला हे आजीला विचारायचं निमित्त तरी मिळेल.