दाखल्याची केस जमिनीच्या केससारखीच लढू

दहावी-बारावीचे निकाल लागले. आपल्या पाड्यांवरची जी पोरं-पोरी पास झाली, त्यांचं संघटनेच्या वतीने अभिनंदन. नापास झालेल्यांनी खचून जाऊ नये, पुरवणी परीक्षा आहे, तिचा फॉर्म वेळेत भरावा. पण या अंकात बोलायचं आहे ते पास झालेल्यांबद्दल. कारण पास होऊनही घरी बसलेली, नाहीतर दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेलेली पोरं आपल्या प्रत्येक पाड्यावर आहेत. विचारलं तर लोक म्हणतात, "त्याचं नशीब नव्हतं." नशिबाचा संबंध नाही. काय घडतं ते नीट पाहिलं पाहिजे.

निकाल लागतो पावसाळ्याच्या तोंडावर. त्याच वेळी पाऊस येतो, रोप टाकायचं असतं, पुढे आवणी. कणगीतलं भात संपलेलं असतं.  आणि नेमकं तेव्हाच कॉलेज म्हणतं, आठ दिवसांत कागद आणा. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला. तलाठी सापडला तर सर्कल नाही, सर्कलची सही झाली तर मामलेदार मीटिंगला गेलेले. चार हेलपाट्यांत चार दिवसांची मजुरी बुडते, वर एस.टी.चं भाडं. पाचव्या हेलपाट्याला बाप म्हणतो, राहू दे. पोरगं हुशार की ढ, हा प्रश्न इथपर्यंत आलेलाच नसतो.

त्यात सगळ्यात अवघड कागद जातीचा. नुसता दाखला एकवेळ मिळतो. पण डॉक्टरकी, इंजिनिअरिंग अशा शिक्षणाला राखीव जागेवर जायचं तर तपासणी समितीचं प्रमाणपत्र लागतं. समिती विचारते, राष्ट्रपतींचा आदेश निघाला १९५० साली, त्याच्या आधीचा तुमच्या घराण्याचा पुरावा दाखवा. आजोबाच्या शाळेचा दाखला आणा म्हणतात. आजोबा शाळेत गेला असता तर आज ही वेळ आली असती का? तो शेठच्या दारात वेठीला होता. कातकऱ्याचा आजा तर कोळशाच्या भट्टीमागे डोंगरोडोंगर फिरत होता, त्याचं नाव कुठल्या शाळेत सापडणार?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तपासणी नको, असं आपण म्हणत नाही. तपासणीची मागणी आपलीच आहे. महाराष्ट्रात आदिवासींना ७ टक्के जागा आहेत आणि त्यांच्यावर डोळा ठेवून, नावातलं साम्य दाखवून, आदिवासी नसलेले लोक दाखले काढतात. माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली निकाल दिला तो याच फसवणुकीवर. पण बोगस माणसाकडे वकील असतो, पैसा असतो, फाइल तयार असते. खऱ्या वारल्याकडे, कोकण्याकडे, कातकऱ्याकडे यातलं काहीच नसतं. चाळणी लावली बोगसांसाठी आणि अडकतात आपली पोरं.

आता साथींनी विचार करावा. जमिनीच्या केसमध्ये आपण काय करतो? जुना सातबारा काढतो, फेरफाराची नक्कल काढतो, म्हाताऱ्यांचे जबाब घेतो, तारखेला दहा-वीस माणसं बरोबर जातो, निकाल लागेपर्यंत पाठ सोडत नाही. जमीन परत करण्याचा १९७४ चा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनींसाठी त्या कायद्याखाली आपल्या भागात केसेस झाल्या. त्या फाइलींत काय आहे? खातेदार आदिवासी आहे, याची नोंद आहे. त्याच्या बापाचं नाव आहे, जमात आहे, जुने फेरफार जोडलेले आहेत. म्हणजे आजाची जमीन सोडवायला जो कागद गोळा केला, तोच नातवाच्या दाखल्याला उपयोगी पडतो. शिवाय मामलेदार कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये जुनी कोतवाल बुकं आहेत, जन्म-मृत्यूचा नमुना १४ आहे. आजा शाळेत गेला नसेल, पण जन्माला तर आला होता! ती नोंद कोणीतरी जाऊन शोधली पाहिजे. एकटा बाप ते करू शकत नाही, संघटना करू शकते.

नोंद मिळाली की ती नीट वाचा. कुठे नुसतं 'कोळी' लिहिलेलं असतं, 'मल्हार' गाळलेलं असतं. कुठे आजाला आडनावच नसतं आणि नातवाला मास्तरांनी शाळेत भलतंच आडनाव चिकटवलेलं असतं. हे घोटाळे दहावीच्या आधी शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावेत. शाळा सुटल्यावर दुरुस्ती फार जड जाते.

त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं आहे की, तपासणीचा अर्ज प्रवेशाच्या निदान सहा महिने आधी करावा, आणि समितीने चौकशी शक्यतो दोन महिन्यांत पुरी करावी. म्हणजे जूनमध्ये प्रवेश हवा तर अर्ज डिसेंबरात गेला पाहिजे. आपण जूनमध्ये जागे होतो. समिती उशीर करते तेव्हा तिला जाब विचारायचा, तर आपला अर्ज वेळेत गेलेला असला पाहिजे.

समिती देवाधर्माचं, चालीरीतींचंही विचारते. सहाव्या वर्षापासून आश्रमशाळेत वाढलेल्या पोराला हिरवा देव ठाऊक नसतो, कणसरी ठाऊक नसते, लग्नात चौक कोण लिहितं, धवलेरी काय करते, हे सांगता येत नाही. साहेब म्हणतो, हा कसला वारली! पोरांनी सुट्टीत आजीजवळ बसून हे विचारून घ्यावं. नुसत्या समितीसाठी नाही, आपलं आहे म्हणून.

प्रवेश मिळाला म्हणजे जिंकलो, असंही नाही. घरी वारली, कोकणी, कातकरी बोलायची, शाळेत मराठी शिकायची आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी. आश्रमशाळेत इंग्रजी-गणिताला मास्तर पुरता मिळालेला नसतो. पहिले तीन महिने पोराला वर्गात काय चाललंय तेच कळत नाही, आणि लाजेने तो कोणाला विचारत नाही. कॉलेज सुरू होतं, वसतिगृहाची यादी मागाहून लागते, तोवर राहायचं कुठे हा प्रश्न. शिष्यवृत्ती वर्ष संपत आल्यावर हातात पडते. कॉलेज मात्र फी आधी मागतं. मग दिवाळीला घरी आलेलं पोरगं परत जातच नाही. एखाद-दोन विषय राहिले की त्याला वाटतं सगळं संपलं. एटीकेटी म्हणून सवलत असते, पुढच्या वर्गात बसून राहिलेले विषय सोडवता येतात, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

काही साथी म्हणतात, आपली संघटना जमिनीची, कॉलेजच्या भानगडीत कशाला पडायचं? शिकलेली पोरं पँट घालून साहेब होतात आणि पाडा विसरतात. काही विसरतात, खरं आहे. शिकून नोकरी नाही आणि नांगराची लाज वाटते, असेही आहेत. पण आपल्या जमिनी गेल्या कशा, ते आठवा. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याने गेल्या. १९४५ साली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी बंद पाडली ती एकजुटीने. पण त्यानंतरही जमीन सरकत राहिली, कारण कागद वाचणारा आपल्यात नव्हता. आणि ज्या पोराच्या वाईट वेळेला संघटना त्याच्या पाठीशी नव्हती, त्याने संघटनेला विसरू नये अशी अपेक्षा तरी कशी करायची?

मुलींचं वेगळं बोललं पाहिजे. १९९१ च्या जनगणनेत देशातल्या आदिवासी बायकांत शंभरात अठराच साक्षर निघाल्या. आपल्या मोर्चात बाया पुढे असतात, पोलिसांपुढे त्याच उभ्या राहतात. मग बारावी झालेल्या पोरीला "आता लग्न" हे उत्तर आपल्या घरात चालणार नाही.

म्हणून पाड्यापाड्याच्या बैठकीत या गोष्टी ठरवाव्यात :

१. पाड्यात आठवीपासून पुढे किती पोरं-पोरी शिकतात, त्यांची यादी करावी. प्रत्येकाची कागदाची पिशवी असावी. मूळ कागद कोणाकडे देऊ नये, नकला द्याव्यात आणि पोच घ्यावी.

२. जमिनीच्या जुन्या केसेसच्या फाइली ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी त्या भाऊबंदांच्या पोरांना वापरू द्याव्यात. भावकीचं भांडण दाखल्यात आणू नये.

३. दाखल्यांसाठी एकेकटं जाऊ नये. तारीख ठरवून सगळ्या पाड्यांनी मिळून कचेरीवर जावं. तपासणीचे अर्ज डिसेंबरात एकत्र पाठवावेत.

४. जी पोरं आज कॉलेजात आहेत, त्यांनी नव्याने येणाऱ्या दोघांना पहिली दिवाळी पार होईपर्यंत सांभाळावं. खोलीत जागा द्यावी, वह्या द्याव्यात, फॉर्म भरून द्यावेत.

५. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या जागा हा मोर्च्याच्या मागण्यांत कायमचा मुद्दा राहील. प्रकल्प कार्यालयाला लेखी विचारायचं आणि लेखी उत्तर घ्यायचं.

आवणीची गडबड आहे, हे ठाऊक आहे. तरी पावसाने उघडीप दिली की पहिल्याच बैठकीत यादी करून कार्यकर्त्याकडे द्यावी. रोप वेळेत टाकलं नाही तर आवणी होत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

जिंदाबाद!