दादासाहेबांचे नाव योजनेला, पण रान कुठे आहे?

दर ६ डिसेंबरला तुमच्या गावातून दादरला कोण कोण जाते, ते एकदा बघा. भाकरी बांधून निघणाऱ्यांत कितीतरी जण दुसऱ्याच्या बांधावर राबणारे भूमिहीन मजूर असतात. चैत्यभूमीवर डोके टेकवायचे, शिवाजी पार्कवर रात्र काढायची आणि परत येऊन मजुरीला लागायचे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू केला, तो याच तारखेला. लाखो माणसे तुरुंगात गेली. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यांची मुख्य मागणी होती.

दादासाहेबांचा जन्म १९०२ चा, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. १९३० च्या नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची बाजू त्यांनी सांभाळली. पण देवळाचे दार उघडले तरी चूल पेटत नाही, हे ते जाणून होते. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातून ते १९३७ साली मुंबई विधिमंडळात गेले. याच पक्षाच्या पुढाकाराने १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी खोतीविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला परळ-लालबागच्या गिरणी कामगारांचा संप झाला, त्यातही हा पक्ष होता. गिरणीतला कामगार आणि खोताचे कूळ ही बऱ्याचदा एकाच घरातली माणसे असायची. म्हणून लढाही एकच.

१९५९ साली दादासाहेबांनी खानदेश-मराठवाड्यात जमिनीचा सत्याग्रह केला. पुढचा मोठा लढा १९६४ चा. १९७१ साली ते गेले.

आता आजचे बघू. २००४ पासून राज्यात त्यांच्या नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन शेतमजुराला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत मिळते. आधी निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज होते. २०१८ पासून सगळेच अनुदान झाले. दर ठरला जिरायतीला एकरी कमाल ५ लाख, बागायतीला ८ लाख. विधवा आणि परित्यक्ता भगिनींना प्राधान्य आहे. मिळालेली जमीन विकता येत नाही.

कागदावर हे चांगलेच आहे. गाडी अडते ती जमीन मिळण्यापाशी. सरकार जमीन विकत घेऊन देणार, म्हणजे विकणारा हवा. रस्त्याकडेच्या, पाण्याखालच्या रानाचा भाव तुम्हाला ठाऊक आहे. ते रान या दरात कोण देईल? मग पुढे येते ते मुरमाड, वाट नसलेले रान. मजुराच्या नावावर सातबारा होतो, पण पोट मजुरीवरच राहते.

दादासाहेब विकतची जमीन मागत नव्हते, पडीक सरकारी रान मागत होते. त्या वाटेने काही काम झालेही. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट काढली. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणे काढायला सांगितली. तरी सरकारी आदेशाने भूमिहीनांना दिलेल्या पट्ट्यांसारखा अपवाद ठेवला. गुरांना चारा हवा हेही खरेच. म्हणून धनदांडग्याने ढापलेले गायरान आणि पोटासाठी कसलेले दोन एकर यांना एकाच मापाने मोजू नये.

सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींनो, यात तुमचा वाटा मोठा आहे. जुन्या कसणाऱ्याचा पुरावा म्हणजे पीकपाहणीची नोंद आणि दंडाची पावती. ती दप्तरात सापडली नाही, तर त्या माणसाची तीस-चाळीस वर्षे पुसली जातात. योजनेसाठी पात्र घरांची यादी ग्रामसभेत वाचा आणि अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात वेळेत जाईल असे बघा. जमीन विकायची असलेल्या शेतकरी बंधूंनी तिथेच चौकशी करावी. पैसे सरकारकडून येतात. आणि मजूर भावांनो, कुणी रान दाखवले तर आधी विहीर, वाट नि माती बघा, अंगठा नंतर.