विश्लेषण : माणसाच्या नजरेपासून लपणारे फूल! हिमालयापलीकडील वनस्पतीने रंग का बदलला?

चीनच्या नैर्ऋत्येकडील हेंगदुआन पर्वतरांगांत ‘फ्रिटिलारिया डेलाव्हाई’ ही औषधी वनस्पती उगवते. जिथे तिचे कंद जास्त खोदले जातात, तिथे ती आजूबाजूच्या दगडांच्या रंगाची झाली आहे. तिच्या संवर्धनासाठी याचा अर्थ काय?

ही वनस्पती कोणती?

वृक्षरेषेच्या वर, थंडगार दगडगोट्यांच्या उतारांवर ती वाढते. पहिली काही वर्षे केवळ पाने येतात. पाचव्या वर्षानंतर वर्षातून एकदा एकच पिवळसर, घंटेसारखे फूल लागते. खोकल्यावरील पारंपरिक चिनी औषधात तिचे कंद वापरले जातात. कंद काढला की रोपच संपते.

मागणी किती?

हा वापर सुमारे दोन हजार वर्षांपासूनचा आहे. मात्र अलीकडच्या दशकांत भाव वाढले आणि खोदाईही वाढली. २०२० मधील नोंदीनुसार एका किलोचा दर सुमारे ४८० डॉलर होता आणि किलोभर मालासाठी ३,५०० हून अधिक कंद लागत.

रंग कसा बदलला?

कुन्मिंग वनस्पतिशास्त्र संस्था आणि ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठाचे हे संशोधन नोव्हेंबर २०२० मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. खोदाई कमी असलेल्या ठिकाणी पाने हिरवीगार, तर जास्त असलेल्या ठिकाणी करडी-तपकिरी आढळली. ही वनस्पती खाणारे प्राणी संशोधकांना आढळले नाहीत. स्वयंसेवकांना संगणकावर रोपे शोधायला सांगितल्यावर दगडी रंगाची रोपे सापडायला जास्त वेळ लागला. म्हणजे ठळक रोपे आधी खुडली गेली, नजरेतून सुटलेल्यांचेच बी पुढे रुजले. वनस्पतीने ठरवून रंग बदलला नाही; नकळत निवड केली ती माणसाने.

मग धोका टळला का?

नाही. रंग बदलायला अनेक पिढ्या जातात आणि इथे एक पिढी फुलायलाच पाच वर्षे घेते. अनुभवी खोदणाऱ्याची नजरही तयार होत जाते. शिवाय रोपे सहज दिसेनाशी झाली, की त्यांची मोजदाद करणे अभ्यासकांनाही कठीण जाते.

संरक्षण कोणते?

चीनने २०२१ मध्ये सुधारलेल्या संरक्षित वन्य वनस्पतींच्या यादीत फ्रिटिलारिया वंशातील सर्व प्रजाती दुसऱ्या श्रेणीत घेतल्या. त्यामुळे रानातून कंद काढण्यासाठी परवाना लागतो. पण उतार दुर्गम आणि माल मूठभर असल्याने डोंगरावर पहारा ठेवणे अवघड. खरेदीदाराकडील माल रानातला की लागवडीचा, हे तपासणे अधिक उपयोगी ठरू शकते.

भारताशी संबंध काय?

याच वंशातील ‘फ्रिटिलारिया सिरोसा’ भारतीय हिमालयात आढळते आणि तिचेही कंद औषधासाठी खोदले जातात. कंद खोदणाऱ्या कुटुंबांना उत्पन्नाचा दुसरा मार्ग मिळाल्याशिवाय केवळ बंदी पुरणार नाही, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.