पुलांचाही निकाल लावा!

पावसाळ्यात रस्ता खचला, दरड कोसळली, की आपल्याकडे एक ठरीव वाक्य ऐकू येते : 'निसर्गापुढे कोणाचे काय चालणार?' माझा आक्षेप या वाक्यावरच आहे. पाऊस निसर्गाचा खरा. पण डोंगर उभा कापणारे, गटारे बुजवणारे आणि अख्ख्या मुलखाचा भार एकाच वाटेवर टाकणारे हात माणसाचेच आहेत.

आम्हा डिचोलीकरांच्या सोयरिकी दोडामार्ग-बेळगावपर्यंत पसरलेल्या. बेळगावची भाजी चोर्ला घाट उतरून येते. घाट बंद पडला की त्याची झळ थेट चुलीपर्यंत पोचते.

५ जुलै १९८६ आठवा. मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा त्याचे वय अवघे सोळा वर्षे होते. नवा पूल उभा राहीपर्यंत बेती-पणजी माणसे पोचवली ती फेरीबोटींनी. जिला जुनाट म्हणून आपण नाक मुरडतो, तिनेच गोव्याची अब्रू राखली.

पर्यायही डोळसपणे निवडावा लागतो. जुलै २०२१ मध्ये कोकणात रेल्वेमार्ग पाण्याने अडला, म्हणून मंगळूर-मुंबई गाडी लोंढ्यामार्गे वळवली. ती दूधसागर घाटात दरडीमुळे रुळांवरून घसरली. एकाच पावसात दोन्ही वाटा बुडत असतील, तर दुसरीला पर्याय का म्हणावे? ऑगस्ट २०२० आणि जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यानेही गाड्या रोखल्याच.

अरबी समुद्र तापतो आहे. चार तासांत धो धो कोसळणारा पाऊस वाढतो आहे. कालच्या मापाची मोरी उद्याच्या व्हाळाला पुरणार नाही. मग नुसते रुंदीकरण करून काय साधणार? आधी पाण्याला वाट द्या, मग गाड्यांना.

'तोट्यातल्या फेरीबोटी कशाला पोसायच्या?' असे सुशिक्षित माणसे विचारतात. घर जळाले नाही म्हणून कोणी विम्याचा हप्ता वाया गेला म्हणतो काय? नार्वे-दिवाडीची फेरी रोजची सोय तर आहेच, शिवाय अडचणीच्या दिवसाचा हप्ताही आहे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसह गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत झाला, याचे कौतुक झाले. ही तत्परता आधी कुठे होती?

म्हणून माझी मागणी साधी आहे. दरवर्षी मृगापूर्वी प्रत्येक पूल, साकव, मोरी तपासा आणि निकाल पंचायतीच्या फलकावर लावा. दहावीच्या पोरांचे गुण आम्ही चारचौघांत जाहीर करतो. ज्या पुलावरून ती पोरे शाळेत येतात, त्याचे गुण तेवढे गुपित का?