धसक्याचा डॉक्टर

सांगलीत पावसाळा मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत, फुटांत मोजतात. "किती झालं?" एवढंच विचारायचं. आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे, हे समोरचा लगेच सांगतो. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीतून किती पुढं जातंय, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. जुलै २०२१ मध्ये हा आकडा पन्नासच्या पुढं सरकला, त्या रात्री मी विश्रामबागेतल्या आमच्या भाड्याच्या घरात बाथरूमच्या फरशीवर बसलो होतो. तिथं पाणी येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी हातपाय गार पडले होते, श्वास घशाच्या खाली उतरत नव्हता आणि शेजारच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. मुलीनं आपल्याला असं बघू नये म्हणून मी आतून कडी लावली होती.

त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. सोमवार, ५ ऑगस्ट २०१९. महापालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत फिरत होती की नदीकाठच्या लोकांनी घरं सोडावीत. आतेभाऊ त्याची मोटार घेऊन दारात आला. माझे वडील, आण्णा, तेव्हा ८२ वर्षांचे. ते म्हणाले, "पाचला पायरीच्या वर आलं नाही, आता काय येतंय?" २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं होतं, आणि आमच्या जुन्या घराच्या दुसऱ्या पायरीवर थांबलं होतं. त्याची खूण आण्णांनी ऑइलपेंटनं भिंतीवर मारून ठेवली होती. मी त्या खुणेकडं बघितलं आणि आतेभावाला म्हणालो, "उद्या बघू." या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. खालच्या खोल्यांत ते कमरेएवढं चढलं. वीज नाही, प्यायला पाणी नाही, अशा स्थितीत आम्ही तीन रात्री माडीवर काढल्या. चौथ्या दिवशी प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोर बांधून आण्णांना गॅलरीतून बोटीत उतरवलं. खुर्ची अर्ध्यावर कलली तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. एकोणीस दिवसांनी, फुप्फुसात संसर्ग होऊन, ते दवाखान्यात वारले.

मी 'उद्या बघू' म्हणालो होतो.

त्या बाथरूममध्ये मला जे होत होतं त्याला मराठीत चांगला शब्द आहे: धसका. पाण्याचा धसका घेतला, कुत्र्याचा धसका घेतला, असं आपण रोज म्हणतो. पण धसक्यावर इलाज करणारं माणूस असतं आणि ते गावात कुठंतरी बसतं, हे आपल्या घरात कुणी कधी सांगितलेलं नसतं. दातांचा डॉक्टर हवा असेल तर आपण दहा जणांना विचारतो. गुडघ्याच्या ऑपरेशनला कोण चांगला, यावर लग्नाच्या पंगतीत चर्चा होते. मनाच्या दुखण्याचा पत्ता मात्र कुणी विचारत नाही, आणि ज्याच्याकडं तो असतो तोही सांगत नाही. या एका गोष्टीमुळं माझी दोन-अडीच वर्षं वाया गेली. ते आज जाहीरपणे लिहायचं ठरवलं आहे.

आधी मी छाती तपासून घेतली. ईसीजी, टू-डी इको, ट्रेडमिल, सगळं नॉर्मल. "हार्ट एकदम ओके आहे, टेन्शन घेऊ नका," एवढं ऐकून आणि झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन मी घरी आलो. दहा दिवसांसाठी दिलेल्या त्या गोळ्या मी आठ महिने घेत राहिलो. कुणी थांबवलं नाही, मीही विचारलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ सालीच बजावलं आहे की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या लक्षणांसाठी या जातीच्या गोळ्या देऊ नयेत. हे मला फार पुढं कळलं. हेही पुढंच कळलं की अशा प्रसंगानंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांपुढं येणं हा आजार नव्हे. बहुतेक माणसं आपल्या माणसांत राहून त्यातून सावरतात. महिना उलटल्यावरही ते तसंच राहिलं, माणूस ती वाट, तो आवाज, तो विषय टाळू लागला, तर मग दार ठोठावायचं. मी तर जुन्या घराच्या गल्लीतून जाणंच सोडलं होतं.

दार कुणाचं, हेच कळत नव्हतं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं या विषयात एमडी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर. तो निदान करतो, औषध देतो. बोलून उपचार करणारा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वेगळा. त्यानं आजवर बहुधा दोन वर्षांची एमफिल केलेली असते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडं त्याची नोंदणी असते. ती नोंद आपण बघू शकतो. समुपदेशक मात्र कुणीही म्हणवून घेऊ शकतं. अनेक समुपदेशक मानसशास्त्रात रीतसर एमए करून, जाणत्या माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेले असतात. पण पाटी बघून हा फरक कळत नाही.

मला तो कळला नाही. मी ज्या पहिल्या केंद्रात गेलो ते एका अपार्टमेंटमधल्या फ्लॅटमध्ये होतं. आधी बारा सत्रांचे पैसे एकदम भरून घेतले. मग दिवे मंद करून मला डोळे मिटायला लावले आणि पहिल्याच अर्ध्या तासात 'आता त्या पाण्यात उतरा' असं सांगितलं. मी उतरलो. खुर्ची कलली, आण्णांनी बघितलं, आणि तिथून वर कसं यायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं, वडिलांच्या आत्म्यानं मला क्षमा केल्याचं सांगितलं आणि पुढची तारीख दिली. घरी परतताना मला गाडी चालवता येईना. पुढच्या दोन रात्री मी जागा होतो. नंतर ज्यांच्याकडं बरा झालो त्या मॅडमनी ही हकीकत ऐकून एवढंच म्हटलं, "पाण्यात उतरवण्याआधी काठ दाखवायचा असतो." श्वासावर येणं, पाय जमिनीला टेकलेत हे जाणवणं, खोलीतल्या पाच वस्तू मनात मोजणं या साध्या गोष्टी आधी हाताशी द्यायच्या असतात. हा काठ पक्का होईपर्यंत पाण्याकडं जायचं नसतं.

त्यानंतर एका मानसोपचारतज्ज्ञांकडं गेलो. बाहेर चाळीसेक माणसं बसलेली. डॉक्टर सज्जन होते, पण मला मिळाली चार मिनिटं. त्यांनी दिलेल्या औषधानं पोटातला गोळा सैल झाला, हे खरं आहे. औषध म्हणजे हार, असं मी कधीच म्हणणार नाही. औषध घेत असलेल्या कुणी हे वाचून ते मनानं बंदही करू नये. मला त्या गोळीनं उभं केलं. पण बोलायचं होतं ते तसंच राहिलं.

मग मोबाइलवरून सत्रं घेतली. बंगळुरूतली मुलगी होती, हुशार, प्रेमळ, शिकलेली. तिच्याशी इंग्रजीत बोलायचं. मी 'आण्णा' म्हणायला जायचो आणि तोंडून 'फादर' यायचं. फादर म्हटलं की रडू यायचं नाही. सहा सत्रं मी माझ्याच आयुष्याचं भाषांतर करत बसलो. ज्यांच्या तालुक्यात असं कुणीच नाही त्यांना मोबाइलचा मोठा आधार आहे, आणि आता पुण्या-ठाण्याहून मराठीत बोलणारेही मिळतात. पण भाषा हा या उपचारात वरकड मुद्दा नाही, हे मी त्या सहा आठवड्यांत शिकलो. पोटात तुटतं, काळजात धस्स होतं, जीव थाऱ्यावर नाही, हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही तोच आपला. आपल्याकडं हे काम मराठीत करण्याची परंपराही आहे. अल्बर्ट एलिस यांची उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी 'विवेकनिष्ठ' हा शब्द देऊन मराठीत रुजवली. १९९० पासून ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आयपीएच ही संस्था काम करते आहे. ती वाट सांगलीतल्या माझ्या गल्लीपर्यंत पोचलेली नव्हती, एवढंच.

पत्ता अखेर मिळाला तो सकाळी फिरताना. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तीन वर्षं रोज माझ्याबरोबर चालायचे. साखर, गुडघे, पेन्शन, सगळं बोलून झालेलं. एका सकाळी पावसाची सर आली आणि मी झाडाखाली न थांबता एकदम उलटा पळत सुटलो. ते मागून आले. बराच वेळ शेजारी नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "मी शनिवारी मिरजेला जातो. तुम्ही याल का एकदा?" त्यांचा मुलगा गेल्यापासून ते तिथल्या मॅडमकडं उपचाराला जात होते. तीन वर्षं आम्ही खांद्याला खांदा लावून चाललो आणि दोघांनीही एकमेकांना काही कळू दिलं नव्हतं.

मिरजच का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "इथं जिन्याखाली स्कूटर कुणीतरी ओळखतंच." पुढं मॅडमकडून कळलं की मिरजेची माणसं सांगलीला जातात आणि सांगलीची मिरजेला. कोल्हापूरचे लोक इकडं येतात. सगळ्यांनाच उपचार जवळ हवा असतो आणि गाव लांब हवं असतं. मला याचं फार वाईट वाटतं. संध्याकाळी सुटणाऱ्या बसच्या वेळा, परतीचं भाडं, घरी सांगायची थाप, एवढं सगळं पन्नास मिनिटांच्या सत्रासाठी जमवावं लागतं. रोजंदारीवरच्या बाईला ते जमत नाही. तिच्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे. मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा २०१७ च्या कायद्यानं प्रत्येकाचा हक्क आहे. आजाराची माहिती गुप्त राहणं हाही त्याच कायद्यातला हक्क आहे. विमा कंपन्यांनी मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा, असंही त्यात लिहिलं आहे. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झालात तरच पैसे देतात. बसून बोलण्याचे पैसे खिशातूनच जातात. मला एका सत्राचे सहाशे रुपये पडायचे. पहिल्या तीन महिन्यांनंतर मी पंधरा दिवसांतून एकदा जाऊ लागलो. परवडत नाही हे मॅडमना मोकळेपणी सांगितलं आणि तसं ठरवलं.

रात्री दोन वाजता कुणी नसतं, तेव्हासाठी आता १४४१६ हा टेलिमानस या मदतवाहिनीचा फोन आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला तो सुरू झाला. चोवीस तास असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. बाथरूमच्या फरशीवर बसलो त्या रात्री तो नव्हता. आज आमच्या फ्रिजवर गॅसवाल्याच्या नंबरशेजारी तो लिहून लावला आहे.

मिरजेतला तो जिना एका झेरॉक्सच्या दुकानाशेजारून वर जातो. पहिल्या दिवशी मॅडमनीच मला सांगितलं, "तुम्हाला माझ्याबद्दल काय विचारायचंय ते आधी विचारा." मी भीत भीत विचारलं. शिक्षण काय, अशा धसक्यावर काम केलंय का, कोणत्या पद्धतीनं करता, किती दिवस लागतील. त्यांनी सगळ्याची सरळ उत्तरं दिली. किती दिवस लागतील याचं उत्तर मात्र, "चार-पाच भेटींनी दोघांना अंदाज येईल. माझ्याशी जमत नाही असं वाटलं तर सांगा, दुसरं नाव देईन," असं दिलं. हे प्रश्न मी त्या फ्लॅटमध्येच विचारले असते तर, असं नंतर अनेकदा मनात आलं. आपण डॉक्टरला विचारत नाही, तो आपल्याला विचारतो, ही सवय हाडीमाशी भिनलेली. या इलाजात ती सोडावी लागते.

दोन महिने आम्ही काठावरच होतो. मग एक दिवस मॅडमनी शंभर पानी वही पुढं केली. "पाच ऑगस्टला, आतेभाऊ दारात उभा असताना, तुम्हाला काय काय माहीत होतं? तेवढंच लिहा. नंतर जे कळलं त्यातलं काही नको."

मला ते सोपं वाटलं होतं. लिहायला बसलो आणि प्रत्येक ओळीत नंतरचं घुसत राहिलं. खोडत राहिलो. आठवडाभरात सात ओळी उरल्या. पाचच्या पुराची खूण दुसऱ्या पायरीच्या उंचीवर होती. रेडिओवरचा आकडा त्याच्या खाली होता. आण्णांना मोटारीत बसलं की मळमळायचं. आतेभावाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. आण्णांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं आणि वीज तेव्हा होती. ते स्वतः नको म्हणत होते, आणि त्या घरातला पूर मी त्यांच्याच नजरेनं बघत आलो होतो. सातवी ओळ अशी होती: आण्णा म्हणाले, चहा टाक.

पुढच्या शनिवारी मॅडमनी त्या सात ओळी मोठ्यानं वाचायला सांगितल्या. मी चौथ्या ओळीवर होतो तेव्हा बाहेर आभाळ फुटलं. जिन्यावरच्या पत्र्यावर पाऊस कोसळू लागला. मी थांबलो. त्यांनी खिडकी लावली नाही, 'वाचा' म्हणाल्या नाहीत, घड्याळ बघितलं नाही. पाय जमिनीला टेकलेत का, ते मी बघितलं. टेकले होते. टेबलावर पाण्याचा तांब्या होता, कॅलेंडर होतं, त्यांची निळी छत्री कोपऱ्यात उभी होती. आम्ही दोघं तो पाऊस ऐकत बसलो. मग मी पाचवी ओळ वाचली.