अभ्यासिकेनंतर काय?

२० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. परळच्या दामोदर हॉलमध्ये तिची कचेरी होती. वसतिगृहे, वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि औद्योगिक व शेतकी शाळा काढणे हे सभेचे उद्देश होते. १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरूही झाले. समाज उभा करायचा तर आधी त्याला हक्काची जागा द्यावी लागते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

वऱ्हाडालाही ही परंपरा नवी नाही. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली. याच जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

आज अमरावती-अकोल्यात वस्त्यावस्त्यांतून विहार उभे आहेत. काही ठिकाणी अभ्यासिकाही चालतात, ही अभिमानाचीच बाब आहे. परंतु अभ्यासिकेतून बाहेर पडलेला तरुण पुढे कोठे बसतो, याचा विचार आपण केला आहे काय? प्रत्येकालाच सरकारी नोकरी मिळत नाही. कुणी वकील झाला, कुणी हिशेबाची कामे करतो, कुणी मुलगी संगणकावर डिझाइन किंवा भाषांतर करते. घर दोन खोल्यांचे, टेबल मांडायलाही जागा नाही. बाजारात गाळा पाहायला जावे तर मालक आधी आडनाव विचारतो, मग डिपॉझिट सांगतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्यात व्यवसाय करण्यास अडथळा आणणे हाही गुन्हा ठरला आहे. पण "जागा कालच दिली" असे मालकाने हसून सांगितले, तर पुरावा आणायचा कोठून?

मोठ्या शहरांत याला को-वर्किंग म्हणतात. एकच जागा, अनेक टेबले, सामायिक इंटरनेट, प्रिंटर आणि अशिलाशी बोलायला एक खोली. जो तो आपल्या टेबलापुरते भाडे देतो. हे आपल्या सभागृहांत का होऊ नये? वर्षातले मोजके कार्यक्रम सोडले तर ती दिवसभर कुलूपबंदच असतात.

विहाराचे पावित्र्य जाईल, अशी शंका काही बांधव घेतील. वंदनेचे दालन वेगळेच राहावे, पौर्णिमेला काम बंद असावे. पण सम्यक आजीविका हा तथागतांच्या अष्टांगिक मार्गाचाच भाग आहे. प्रामाणिक कष्टाने विहार बाटत नाही.

मात्र भावनेच्या भरात काही करू नये. इमारत नोंदणीकृत न्यासाच्या मालकीची असावी आणि न्यासाच्या उद्देशांत असे काम बसते काय, हे आधी तपासावे. तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा असेल तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तरुणांना स्वतःच चालवायचे असेल तर १९६० च्या सहकार कायद्याखाली वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा जण सहकारी संस्था काढू शकतात. जीएसटी नोंदणीला जागेचा पुरावा लागतो. तेथे न्यासाचे संमतिपत्र आणि वीजबिल तरुणांच्या कामी येईल.

आणखी दोन गोष्टी. जागा फुकट देऊ नये. फुकटचे चार महिन्यांत बंद पडते आणि हिशेब कुणी मागत नाही. भाडे कमी ठेवा, पण पावती द्या आणि जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावा. दुसरे, दार सर्वांसाठी उघडे ठेवा. मुस्लिम, आदिवासी, ओबीसी, जो कष्टाने येईल त्याला टेबल द्या. निम्मी टेबले मुलींसाठी राखून ठेवा. ज्यांना आडनाव विचारून परत पाठवले गेले, त्यांनी दुसऱ्याला आडनाव विचारू नये.

जयंतीच्या मिरवणुकीसाठी आपण घरोघरी वर्गणी गोळा करतो, ती जरूर करावी. येत्या १४ एप्रिलला त्याच वर्गणीतून अमरावतीत एक आणि अकोल्यात एक, अशा दोन जागी दहा-दहा टेबले मांडू या. वीस तरुणांच्या हाताला बसायला जागा मिळाली तर एकविसावा आपोआप विचारायला येईल. विहार समित्यांनी पुढच्याच बैठकीत हा विषय घ्यावा. जयभीम!